मुलांच्या हातीं सुई

मुलांच्या शिक्षणाविषयीं सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं जितकी काळजी वाहिली जाते, तितकी पूर्वीं क्वचितच वाहिली जात असेल. पाटी-पुस्तकाच्या जोडीस संगीत, चित्रकला, पोहणें, बुद्धिबळ अशा नानाविध विद्यांची योजना आईबाप हौसेनें करतात, व त्यासाठीं द्रव्य आणि वेळ दोन्ही खर्चतात. ही गोष्ट सर्वथा स्तुत्य आहे. परंतु याच घरांतील बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या सदऱ्याची गुंडी तुटली म्हणजे काय होतें, तें पहावें. मुलगा भूमितीचे सिद्धांत बिनचूक सांगतो. दूरदूरच्या देशांच्या राजधान्या त्यास मुखोद्गत असतात. पण सुईच्या नेढ्यांत दोरा ओवून ती गुंडी जागच्या जागीं बसविणें त्यास साधत नाहीं. सदरा आईकडे जातो. आईस कामावर जाण्याची घाई असते म्हणून तो शिंप्याकडे जातो. शिंप्यास एका गुंडीचें काम परवडत नाहीं म्हणून तो परत येतो, आणि अखेर कपाटाच्या तळाशीं जाऊन पडतो. एवढ्याशा गुंडीपायीं धड असलेला सदरा निकामी होतो.

सदऱ्याची किंमत फारशी नसेल. कापड आज स्वस्त आहे व तयार कपडे तर गल्लोगल्लीं मिळतात; तेव्हां काटकसरीच्या नांवाखालीं मुलांस शिवण शिकवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. तुटलेलें सांधतां येतें, आणि तें सांधणारा हात आपलाच असूं शकतो, ही जाणीवच त्या मुलास होत नाहीं. वस्तु मोडली कीं टाकावी व नवी आणावी, एवढा एकच मार्ग त्यास ठाऊक असतो. ही संवय पुढें सदऱ्यापुरतीच राहील, असा भरंवसा कोणीं द्यावा? म्हणून मुलांस सुई कशी हातीं द्यावी, व तिच्या आधारें त्यांस साध्या टांक्यापासून गोधडीपर्यंत कसें न्यावें, याचा विचार आम्ही या लेखांत योजिला आहे.

प्रथम या कामाची कुळकथा थोडक्यांत सांगूं. आपलें 'शिवणें' हें क्रियापद संस्कृतांतील 'सिव्' या धातूपासून आलेलें आहे. लॅटिन भाषेंतील व इंग्रजींतील शिवणवाचक क्रियापदेंही त्याच मूळ कुळांतील होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. वात्स्यायनानें चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे तींत 'सूचीवानकर्में' अशी एक कला आहे. तेराव्या शतकांतील यशोधरानें आपल्या 'जयमंगला' टीकेंत तिचे तीन भाग पाडले आहेत. पहिला भाग 'सीवन', म्हणजे कंचुकी इत्यादि अंगावरील वस्त्रें शिवणें. दुसरा 'ऊतन', म्हणजे फाटलेलें वस्त्र सांधणें. आणि तिसरा 'विरचन', म्हणजे अंथरुणें-आच्छादनें रचून तयार करणें. शिवण, रफू आणि गोधडी हे आपल्या आजीचे तीन उद्योग टीकाकारानें शास्त्रांत नेऊन बसविले आहेत! मुलांस शिकवितांनाही आम्हांस याच तीन पायऱ्या सोयीच्या वाटतात.

येथें कांहीं वाचक म्हणतील, "मुलींचें ठीक आहे, पण मुलग्यांस या कामाचा काय उपयोग?" सुई हें केवळ बायकांचें हत्यार, ही समजूत आपल्या परंपरेस धरून नाहीं. संत नामदेव शिंपी होते, हें सर्वांस ठाऊक आहे. चांभाराची आरी व गोण्या शिवणाऱ्याचें दाभण पुरुषांच्याच हातीं वर्षानुवर्षें चालत आलें. याहून मोठा दाखला सुश्रुताचा. शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार त्यानें सांगितले त्यांत 'सीव्य' हा एक आहे, आणि शिष्यानें रोग्यास हात लावण्यापूर्वीं कोणत्या वस्तूवर कोणता अभ्यास करावा, हें सांगतांना सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत त्यानें सीव्याचा सराव तलम व जाड कापडाच्या कांठांवर आणि मऊ चामड्यावर करावयास सांगितला आहे. तात्पर्य, प्राचीन काळचा वैद्य होऊं पाहणारा विद्यार्थी प्रथम कापडाचे दोन कांठ जोडावयास शिके. आपल्या मुलानें शल्यविशारद व्हावें अशी इच्छा बाळगणाऱ्या आईबापांनीं निदान एवढें तरी ध्यानीं घ्यावें.

आधुनिक शिक्षणतज्ज्ञांचेंही मत याहून वेगळें नाहीं. जर्मनींतील फ्रेबेल यानें १८३७ सालीं बालोद्यानाच्या कल्पनेस प्रत्यक्ष रूप दिलें, व त्याच्या पद्धतींत लहान मुलांच्या हस्तोद्योगांमध्यें टोंचलेल्या कागदावर दोऱ्यानें आकृति शिवण्याचा समावेश होता. फिनलंडांत १८६६ सालच्या लोकशाळांच्या कायद्यानें हस्तव्यवसायास शिक्षणांत स्थान मिळालें. त्यामागें ऊनो सिग्नेउस यांचे परिश्रम होते. आपल्याकडे १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं सर्व शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना येऊन कारागिरांपाशीं काम शिकावें, अशी सूचना आहे. परंतु दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाहीं. हात बसावयाचा तो घरींच. रोज थोडा थोडा, वडील माणसांच्या शेजारीं बसून.

आतां प्रत्यक्ष पद्धतीकडे वळूं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही आमच्या ओटीवर शेजारचीं सात मुलें जमविलीं. चार मुलगे व तीन मुली. टांक्यांचें शिक्षण आमच्या कुटुंबाकडे व मोजमाप आमच्याकडे, अशी वांटणी होती. त्या सुटींत व पुढील दोन सुट्यांत जें अनुभवास आलें, तेंच येथें सांगत आहों.

पांच वर्षांच्या मुलाच्या हातीं तीक्ष्ण सुई देऊं नये. त्यानें मणी ओवावे, अथवा जाड पुठ्ठ्यास भोंकें पाडून त्यांतून सुतळी खालीवर काढावी. सहा-सात वर्षांच्या मुलास बोथट टोंकाची, मोठ्या नेढ्याची सुई द्यावी, आणि कापड दुसुती किंवा मॅटी असें द्यावें, कीं ज्याचे उभे-आडवे धागे डोळ्यांस मोजतां यावे. दोन धागे वर, दोन धागे खालीं, हा नियम सांगितला म्हणजे धावदोरा आपोआप सरळ जातो, व बेरीज-गुणाकाराची उजळणी होते ती वेगळीच. आठ वर्षांनंतर खरी सुई द्यावयास हरकत नाहीं.

दोरा हातभरच घ्यावा. बोटांच्या टोंकांपासून कोपरापर्यंत जेवढें अंतर तेवढाच. वरचेवर ओवण्याचा कंटाळा म्हणून मुलें लांबलचक दोरा घेतात; मग त्यास गांठी पडतात, तो गुरफटतो, आणि मूल रडकुंडीस येतें. सुया मोजून द्याव्या व मोजून परत घ्याव्या. आमच्या ओटीवर सात सुया दिल्या तर सातवी परत उशींत टोंचली जाईपर्यंत कोणीही उठावयाचें नाहीं, असा दंडक होता. बोटास सुई टोंचते ती टोंचतेच. तेवढ्यासाठीं मुलांस या कामापासून दूर ठेवणें म्हणजे पडेल म्हणून चालूं न देण्यासारखें आहे. जाड थर शिवतांना मधल्या बोटांत अंगुस्तान घालावयास मात्र आरंभापासून शिकवावें. मूल डावखुरें असेल तर त्यास समोर बसवावें. आरशांत पाहिल्याप्रमाणें तें तुमची नक्कल सहज करतें.

पहिल्या पायरीवर धावदोरा, टीप व कांठ दुमडून हेम घालणें, एवढें पुरे. परंतु हे टांके चिंधीवर नुसते गिरवीत बसूं नये. आमचा अनुभव असा, कीं नमुन्याची चिंधी मुलें दोन दिवसांत टाकून देतात, पण गोट्यांची पिशवी पुरी करतात. वस्तु लहान असावी, पण खरी असावी. दुसऱ्या पायरीवर गुंडी लावणें, उसवलेली शिवण पुनः घालणें व ठिगळ लावणें येतें. गुंडी लावतांना ती कापडास अगदीं घट्ट आवळूं नये. खालीं काडी धरून टांके घालावे व काडी काढून घेऊन मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याभोंवतीं दोन-तीन वेढे द्यावे, म्हणजे काजाची जाडी बसण्यास जागा राहते. ठिगळाचे उभे धागे मूळ वस्त्राच्या उभ्या धाग्यांशीं जुळवून लावावे. नाहीं तर पहिल्याच धुण्यांत तें एकीकडे ओढ खातें. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठें कोठें लावणार, असें आपण म्हणतों. पण सदऱ्याचें कोपर म्हणजे कांहीं आभाळ नव्हे.

तिसरी पायरी गोधडीची. तिचा आरंभ बाहुलीच्या गोधडीनें करावा. जुन्या सुती कापडाचे चार इंचांचे बारा चौकोन घ्यावे. कापड कातरण्याऐवजीं कांठाला चीर देऊन फाडलें तर तें धाग्यावर सरळ फाटतें. तीन ओळी व चार रांगा अशी मांडणी केल्यावर तयार गोधडी केवढी होईल, असें आम्ही मुलांस विचारलें. "बारा इंच रुंद व सोळा इंच लांब," असें उत्तर एका दहा वर्षांच्या मुलानें तत्काळ दिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. प्रत्येक शिवणींत दोन्ही बाजूंचें पाव पाव इंच कापड दडलें, कडाही पाव इंच दुमडल्या गेल्या, आणि हातीं आली ती साडेदहा इंच रुंद व चौदा इंच लांब! बाहुलीचे पाय उघडे राहिले. अंथरूण पाहून पाय पसरावे या म्हणीवर सर्वांनीं मनसोक्त हंसून घेतलें; पण तो मुलगा कागद घेऊन बसला, व शिवणींत किती गेलें याचा हिशेब त्यानें स्वतः मांडला. तो हिशेब आम्ही फळ्यावर वीस वेळां मांडून दाखविला असता तरी त्यास तो इतका पटला नसता.

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक गोष्ट सांगतों. मुलांच्या मंडळींत एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिनें बाहुलीची गोधडी घरीं नेऊन पुरी करावयास घेतली. टांके वांकडे-तिकडे, कोठें लहान, कोठें मोठे. तिच्या आजीचा हात शिवणांत मोठा कसबी. नातीचें काम पाहून त्यांस राहवलें नाहीं. रात्रीं मुलगी निजल्यावर त्यांनीं ती शिवण उसवली व सुबक टांक्यांनीं पुनः घातली. सकाळीं मुलीनें गोधडी हातीं घेतांच विचारलें, "आजी, तूं माझी शिवण उसवलीस?"

"वांकडी गेली होती, बाळ. नीट करून ठेवली."

"मग ती आतां माझी नाहीं," एवढेंच ती बोलली, आणि आठ दिवस तिनें सुईस हात लावला नाहीं.

यांत आजीचा हेतु वाईट होता, असें कोण म्हणेल? पण असें घरोघरीं घडतें. मुलाचें चित्र वडील दुरुस्त करतात, निबंध आई लिहून देते, शाळेंत न्यावयाची वस्तु तर सबंध घर जागून तयार करतें. काम सुंदर होतें व मूल त्यांतून बाहेर पडतें. तुझ्या हातास जमत नाहीं, असा निवाडा न बोलतां त्याच्यापुढें ठेवला जातो, आणि मुलें न बोललेलें फार लवकर समजतात.

या आजी मात्र शहाण्या. त्यांनीं मुलीस समजाविण्याचा खटाटोप केला नाहीं. त्यांच्या यजमानांस जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. त्यांचीं धोतरें धुऊन, घडी करून त्यांनीं पेटींत जपून ठेवलीं होतीं. ना तीं कोणास देववत, ना पाहवत. त्यांतील दोन धोतरें व स्वतःचें एक जुनें नऊवारी लुगडें त्यांनीं बाहेर काढलें आणि नातीस हांक मारली, "माझी दृष्टि आतां अधू झाली. मला दोरा तेवढा ओवून दे." मुलीनें दोरा ओवून दिला. आजींनीं एक ओळ घातली. दुसऱ्या ओळीस पुनः दोरा मागितला. संध्याकाळच्या उजेडांत त्यांचीही ओळ तिरपी गेली.

"आजी, तुझीही वांकडी गेली," मुलगी म्हणाली.

"गेली खरी. पण ओढून पहा बरें, सुटते का?"

मुलीनें ओढून पाहिलें. टांका सुटला नाहीं. मग तिनें दुसरी सुई घेतली व समोरच्या कडेस बसली.

या प्रसंगानंतर आमच्या ओटीवर दोन नियम झाले. पहिला असा, कीं ज्यानें शिवलें त्यानेंच उसवावें. वडिलांनीं चूक दाखवावी, पण कातर मुलाच्या हातीं असावी. दुसरा असा, कीं वांकडेपणा व सैलपणा हे दोष एका मापानें मोजूं नयेत. वांकडा टांका वयाबरोबर सरळ होतो व तोंवर आपलें काम चोख बजावतो. सैल टांका आणि न मारलेली गांठ मात्र आजच सांगावी, कारण तेथें वस्त्र सुटतें. आम्हीं इतकीं वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. हा भेद वह्यांसही तितकाच लागूं आहे, असें आतां वाटतें.

ती मोठी गोधडी सर्व मुलांनीं मिळून पुरी केली. जमीन स्वच्छ पुसून लुगडें अंथरलें, त्यावर धोतरांचे थर सुरकुती न राहूं देतां पसरले, चारी कोपऱ्यांवर पाट ठेवले, व थर सरकूं नयेत म्हणून लांब लांब कच्चे टांके घातले. मग मुलें चारी बाजूंस बसलीं, आणि कडेपासून एकेक बोटाच्या अंतरानें धावदोऱ्याच्या ओळी घालीत मध्याकडे सरकत गेलीं. हवेंत गारवा असो वा उकाडा, अशा वेळीं मुलें ज्या गोष्टी बोलतात व वडिलांस ज्या गोष्टी विचारतात, त्या जेवतांनाही विचारीत नाहींत. हात गुंतलेला असला म्हणजे जीभ मोकळी होते. आजोबा कसे होते, हें धोतर ते कोणत्या दिवशीं नेसत, हें त्या मुलीनें त्याच दिवसांत विचारून घेतलें. आणि दोन वर्षांत प्रथमच त्या घरांत आजोबांचें नांव न रडतां निघालें.

गोधडी हें दरिद्र्याचें पांघरूण, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. चिंध्यांचें वस्त्र पांघरणाऱ्या गाडगे महाराजांस लोक प्रेमानें गोधडेबुवा म्हणत, व त्या वस्त्रानें त्यांची थोरवी उणी झाली नाहीं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकांतील कौदी हीं सारीं गोधडीचींच भावंडें. जुन्या वस्त्रास दुसरा जन्म देण्याची ही विद्या देशभर नांदत आली, ती प्रायः लिहिण्या-वाचण्याची संधि न मिळालेल्या स्त्रियांच्या हातीं. सुशिक्षितांनीं ती त्यांच्यापासून नम्रपणें शिकावी. ज्या मुलानें एक हात लांबीची शिवण स्वतः घातली आहे, तें शिंप्याशीं मजुरीची घासाघीस करतांना थोडें अडखळेल, हाही लाभ लहान नव्हे.

येत्या सुटींत वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करावा. फार सामग्री नको: दोन सुया, पांढरा दोरा, बोथट कातर व पेटींतील एक जुनें सुती वस्त्र. मुलगा व मुलगी दोघांसही एकत्र बसवावें. रोज अर्धा तास पुरे. मूल कंटाळण्यापूर्वींच सुई उशींत परत जावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तें आपण होऊन मागतें. आपण शेजारीं बसावें, पण आपल्या हातांत आपलेंच काम असावें. आणि रात्रीं मूल निजल्यावर त्याची वांकडी शिवण दृष्टीस पडली, तर ती घडी करून जशीच्या तशी ठेवून द्यावी.